गुंगेरियाचा ताम्रनिधि आणि धातुशोधक यंत्र

इ. स. १८७० सालीं बालाघाट जिल्ह्यांतील गुंगेरिया या गांवच्या शिवारांत गुरें राखणाऱ्या मुलांस जमिनींतून डोकावणारी एक धातूची वस्तु दिसली. तेथें उकरून पाहतां तांब्याचीं हत्यारें निघूं लागलीं. अखेर मोजदाद झाली तेव्हां तांब्याच्या ४२४ वस्तु व चांदीचे १०२ पातळ पत्रे असा हा निधि भरला. तांब्याचें वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारें ३७६ किलोग्रॅम झालें; चांदी सुमारें ८० तोळे. तांब्याच्या वस्तूंत सपाट कुऱ्हाडी व पहारीसारखे लांब दांडे होते. चांदीचे पत्रे कांहीं वाटोळे, तर कांहीं शिंगें व खालीं वळलेले कान असलेल्या बैलाच्या मुखासारखे होते. भारतांत एका जागीं सांपडलेल्या ताम्रसंचयांत हा अत्यंत मोठ्यांपैकीं एक गणला जातो.

बालाघाट जिल्हा आज मध्यप्रदेशांत असला, तरी तो इ. स. १८६७ च्या सुमारास भंडारा, मंडला व शिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनविण्यांत आला. आणि ज्या भंडारा जिल्ह्याचा तुकडा त्यांत गेला, त्याच्याच पूर्वभागाचा १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा झाला. म्हणजे हे दोन शेजारी एकाच घरांतून निघालेले. वैनगंगा व वाघ या नद्यांचें पाणी दोघांच्याही शेतांस लागतें, आणि दोहोंकडील माती, जंगल, धानाच्या बांध्या व बोलीही पुष्कळशा सारख्याच आहेत. म्हणून गोंदियाकडील संशोधकांनीं गुंगेरियाचा विचार परक्या प्रांतांतील गोष्ट म्हणून करण्याचें कारण नाहीं.

हा विषय आज पुन्हा काढण्याचें निमित्त निराळें आहे. अलीकडे धातुशोधक यंत्र, ज्यास लोक मेटल डिटेक्टर म्हणतात, तें सामान्य माणसाच्या खिशास परवडूं लागलें आहे. पूर्वीं तें पोलिस व लष्कर यांच्याच हातीं दिसे. आतां कोणीही तें घरबसल्या मागवूं शकतो. शाळा-कॉलेजांतील तरुण छंद म्हणून तें शिकूं पाहतात, आणि त्यांपैकीं कांहीं जण आमच्याकडे नाणीं ओळखून घेण्यास येतात. त्यांच्या हौसेस आम्ही हंसत नाहीं. परंतु या छंदांत केवळ छंदिष्टाचेंच नुकसान होत असतें तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन पडलें नसतें. एका अविचारी खड्ड्यांत जें नाहींसें होतें तें सर्वांचें असतें, आणि तें पुन्हा भरून येत नाहीं. म्हणून हें यंत्र काय आहे, नवशिक्यानें तें कसें शिकावें, आणि कोठें त्यास हातही लावूं नये, याचा विचार जुन्या आधारांसह येथें करितों.

भूमिगत धन शोधण्याची इच्छा यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत शर्विलक चारुदत्ताच्या घरीं चोरीस शिरतो तेव्हां घरांत कांहीं दिसत नाहीं म्हणून, धन जमिनींत पुरलें असेल काय हें पाहण्यासाठीं, तो भूमीवर मंत्रसिद्ध बीज टाकतो. खालीं निधि असल्यास तें बीज फुगतें अशी त्या काळची समजूत होती. चारुदत्ताच्या घरीं तें फुगत नाहीं, आणि तो खरोखरच दरिद्री आहे असें चोर ठरवितो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्याय आहे. त्यांत वारुळें व झाडें यांवरून भूमिगत पाणी कोठें व किती खोल आहे हें ओळखण्याचे नियम आहेत. आपल्या लोकांत पायाळू मनुष्यास डोळ्यांत अंजन घालून गुप्तधन दिसतें ही समजूत तर कालपरवांपर्यंत होती, आणि कोठें कोठें ती अजून गेलेली नाहीं. या समजुतीपायीं भोंदू मांत्रिकांनीं किती कुटुंबें नागविलीं व प्रसंगीं किती घोर कृत्यें केलीं, हें सांगावयास नको. इ. स. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यांत गुप्तधनाच्या शोधाच्या नांवानें केलेलीं अमानुष कृत्यें नांव घेऊन गुन्हा ठरविलीं आहेत, यावरून रोग किती मुरलेला होता हें कळून येईल.

धन शोधणाऱ्यांचा एक प्रामाणिक वर्गही आमच्या प्रांतांत होता. नदीच्या वाळूंतून सोन्याचे कण धुऊन काढणारे सोनझरी लोक बालाघाट-मंडला भागांत प्रसिद्ध आहेत. रसेल व हिरालाल यांच्या इ. स. १९१६ च्या जातिविषयक ग्रंथांत त्यांची नोंद आहे. शहरांतून सोनारांच्या दुकानची राख व कचरा चाळणारे झारेकरी असत. दिवसभर वाळू हालवावी तेव्हां कणभर सोनें मिळावें, हा त्यांचा अनुभव आजच्या यंत्रधारी नवशिक्यानें प्रथम ध्यानीं धरावा. यंत्रानें श्रम वांचत नाहींत. श्रमाची जागा मात्र बदलते.

आतां यंत्राचें तत्त्व. चुंबकीय क्षेत्र बदललें असतां जवळच्या तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें इ. स. १८३१ सालीं फॅरडे यानें दाखविलें. सारें धातुशोधन त्यावर उभें आहे. यंत्राच्या दांड्याच्या टोकास जी चकती असते तिच्यांत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून दर सेकंदास हजारों वेळां दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळें खालच्या जमिनींत बदलतें चुंबकीय क्षेत्र पसरतें. तेथें धातु असल्यास तिच्या पोटांत लहान लहान भोंवरेवजा प्रवाह उठतात, आणि त्यांचें स्वतःचें क्षीण क्षेत्र वर येतें. चकतींतील दुसरें वेटोळें तें पकडतें व यंत्र तें आवाजाच्या रूपानें कानीं घालतें. म्हणजे यंत्रास धन दिसत नाहीं. त्यास केवळ विजेची वाहकता व लोहाचें चुंबकत्व कळतें. सोन्याचा पातळ पत्रा आणि विडीच्या पाकिटांतील चंदेरी कागद यांचा आवाज पुष्कळदां सारखाच येतो.

या तत्त्वाचा पहिला प्रसिद्ध उपयोग इ. स. १८८१ सालीं झाला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत अडकलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें असें यंत्र लावून पाहिलें. गोळी सांपडली नाहीं. अंथरुणांतील पोलादी स्प्रिंगांनीं यंत्रास घोंटाळ्यांत पाडलें असें पुढें मानण्यांत आलें. पहिल्या प्रयोगापासून या विद्येचा मुख्य शत्रु आसपासचें लोखंड हाच ठरला. पुढें गेरहार्ड फिशर यास इ. स. १९३७ सालीं अमेरिकेंत अशा यंत्राचा हक्क मिळाला, आणि दुसऱ्या महायुद्धांत योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्याचें हातयंत्र बनविलें, तें इ. स. १९४२ सालीं एल अलामेनच्या लढाईंत वापरलें गेलें. युद्ध संपल्यावर हीं यंत्रें नागरिकांच्या हातीं आलीं आणि त्यांतून हा छंद जन्मला.

नवशिक्यानें ही विद्या आपल्या परसांत शिकावी, रानांत नव्हे. एक वाफा घेऊन त्यांत आजचें रुपयाचें नाणें, तांब्याचा तुकडा, लोखंडी खिळा, बाटलीचें झांकण व चंदेरी कागद हीं एकमेकांपासून दोन-दोन हातांवर, कांहीं चार बोटें व कांहीं वीतभर खोल पुरावीं आणि प्रत्येक जागीं खूण करावी. मग चकती जमिनीशीं समांतर, दोन बोटें वर ठेवून, सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावी. झोंक्याच्या शेवटीं ती वर उचलूं नये. प्रत्येक पट्टा आधींच्या पट्ट्यावर अर्धा यावा. कानास नळ्या लावून प्रत्येक धातूचा आवाज ओळखावा आणि तो वहींत लिहावा. साधारण यंत्रास रुपयाएवढें नाणें वीत-सव्वा वीत खोलींपर्यंतच कळतें. हातभर खोल असलेलें एकटें नाणें सहसा कळत नाहीं. हंडा किंवा ताम्रपट यांसारखी मोठी वस्तु त्याहून खोल असतांही कळते. विक्रेते जीं खोलीचीं मापें सांगतात तीं ऐकून घ्यावींत, आणि आपल्या वाफ्यावर पडताळून पाहावींत.

आमच्या भागांत नवशिक्यास आणखी एक अडचण येते. गोंदिया जिल्ह्यांत गोरेगांव तालुक्यांतील खुर्सीपारसारख्या ठिकाणीं लोहखनिज आहे, अनेक ठिकाणीं जांभा दगड आहे, आणि शेजारच्या भंडारा व बालाघाट जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. अशा लोहमय भूमींत माती स्वतःच बोलूं लागते. यासाठीं यंत्रांत भूमीचा आवाज वजा करण्याची कळ असते. ती प्रत्येक नव्या शेतांत नव्यानें जुळवावी लागते. शिवाय या प्रदेशांत पूर्वीं गांवोगांव लोखंड गाळीत. त्या भट्ट्यांची मळी, ज्यास वैद्यकांत मंडूर म्हणतात, रानांत पडलेली असते. यंत्र तिच्यावर ओरडतें. नवशिका निराश होऊन ती फेंकून देतो. परंतु मंडुराचा ढीग हा स्वतःच एक लेख आहे. तेथें कोणी, केव्हां लोखंड गाळलें हा प्रश्न एखाद्या रुपयाच्या नाण्यापेक्षां इतिहासास अधिक मोलाचा आहे. यंत्रांत लोखंडाचा आवाज बंद करण्याचीही सोय असते व तीस विवेक अशा अर्थाचें नांव आहे. विदर्भांतील महापाषाणयुगीन लोकांचा सारा वैभव लोखंडाचा होता. टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील शिलावर्तुळांत लोखंडी हत्यारें मिळालीं, आणि माहुरझरीस तर घोड्यांचे तांब्याचे अलंकारही. लोखंड गाळून टाकणारा विवेक येथें अविवेकच ठरेल.

यंत्राचें शिक्षण इतकेंच. याहून कठीण शिक्षण न खणण्याचें आहे, आणि तें गुंगेरियावरून समजतें. गुंगेरियाच्या ताम्रनिधीचा काळ कोणता? व्हिन्सेंट स्मिथ यानें इ. स. १९०५ सालीं भारतांतील ताम्रयुगाचा विचार मांडतांना या निधीस मोठें स्थान दिलें. त्यानंतर गंगा-यमुनेच्या खोऱ्यांत अशा तांब्याच्या संचयांचे अनेक शोध लागले, इ. स. १९५१ सालीं बी. बी. लाल यांनीं त्यांचा परामर्श घेतला. हे संचय साधारणतः ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांतील मानले जातात. परंतु गुंगेरियांतील चांदी हें कोडें राहिलें आहे, कारण तसे चांदीचे पत्रे इतर ताम्रसंचयांत मिळत नाहींत. चांदी व तांबें एकाच वेळीं, एकाच हातानें पुरलें काय? खड्ड्याभोंवतीं घर होतें, भट्टी होती, कीं उघडें रान होतें? मडक्याचें एखादें खापर किंवा कोळशाचा तुकडा सोबत होता काय? निधि बाहेर काढतांना हे प्रश्न कोणी विचारले नाहींत, कारण विचारण्याचें शास्त्रच तेव्हां तयार झालें नव्हतें. निधीचे भाग पुढें नागपूरच्या अजबबंगल्यांत, कलकत्त्याच्या संग्रहालयांत व लंडनच्या ब्रिटिश म्युझियमांत विखुरले. वस्तु आज कांचेच्या कपाटांत सुरक्षित आहेत. त्यांची जागा मात्र कायमची गेली. गुराखी पोरांस याचा दोष देतां येत नाहीं. आज यंत्र घेऊन निघणाऱ्या सुशिक्षितास मात्र देतां येईल.

दुसरें उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. इ. स. १९७४ सालीं आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें झाडाचें मूळ खणीत असतां एका ग्रामस्थास ब्राँझचीं चार शिल्पें मिळालीं: हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ. चारींचें मिळून वजन साठ किलोग्रॅमहून अधिक. पुढें श्री. साळी यांनीं इ. स. १९७५ ते १९७९ या काळांत तेथें पद्धतशीर उत्खनन केलें व तीं शिल्पें उत्तर हडप्पा काळचीं मानलीं, डी. पी. अगरवाल प्रभृतींनीं धातूच्या घटकांवरून शंका घेतली. वाद होण्याचें कारण एकच: शिल्पें थरांतून रीतसर निघालीं नव्हतीं. चार अप्रतिम वस्तु हातीं असून त्यांच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद राहावा, याहून स्थलभ्रंशाची हानि अधिक स्पष्ट कशी व्हावी?

ताम्रपटांच्या संग्राहकांसही हें दुःख नवें नाहीं. वाकाटक नृपति द्वितीय पृथिवीषेण याचे बालाघाटचे ताम्रपट जंगलांत एका झाडास टांगलेले मिळाले, असें कीलहॉर्न यानें ते प्रसिद्ध करितांना नमूद केलें आहे. कोणी ते टांगले, कोठून आणले, कोणत्या गांवच्या भूमीशीं त्यांचा संबंध होता, हें त्या झाडानें सांगितलें नाहीं. याउलट तऱ्हाळ्याचा संचय पाहा. तत्कालीन अकोला जिल्ह्यांतील या गांवीं इ. स. १९३९ सालीं सातवाहनांच्या सुमारें दीड हजार नाण्यांचा सांठा मिळाला. तो बराचसा एकत्र राहिला म्हणून वा. वि. मिराशी यांस त्यांतून कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि अशीं पुराणांत नसलेलीं राजांचीं नांवें उजेडांत आणतां आलीं. हींच नाणीं एकेक करून बाजारांत गेलीं असतीं तर प्रत्येक गिऱ्हाइकास एक जुना पैसा मिळाला असता आणि इतिहासास कांहींच मिळालें नसतें.

या विषयाची धर्मशास्त्रीय व कायद्याची बाजू आतां पाहूं. आपल्या स्मृतिकारांनीं निधीचा विचार बारकाईनें केला आहे. मालक ज्ञात नसलेलें धन सांपडल्यास राजानें शोधणाऱ्यास सहावा भाग देऊन बाकीचें घ्यावें असें वसिष्ठधर्मसूत्रांत आहे. हा निधि माझा असें खरेपणानें सांगणाऱ्याकडून राजानें सहावा वा बारावा भाग घ्यावा, आणि खोटें सांगणाऱ्यास दंड करावा, असें मनु म्हणतो. निधि सांपडूनही न कळविणाऱ्याकडून तो काढून घेऊन त्यास शिक्षा करावी हें याज्ञवल्क्यस्मृतींत स्पष्ट आहे. विद्वान् ब्राह्मणास मिळालेला निधि त्यानें सगळा घ्यावा असा एक अपवाद स्मृतींत आहे; आमच्या वाचकांपैकीं कोणास तो आपणांस लागू पडेल असें वाटत असल्यास त्यांनीं ती आशा सोडावी, कारण आजच्या कायद्यांत तो उतरलेला नाहीं. वाकाटकांच्या दानपत्रांत गांव देतांना निधि व उपनिधि यांसह दिल्याचा उल्लेख असतो, आणि पेशवाईच्या इनाम सनदांतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही मालिका तर आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. म्हणजे भूमीच्या पोटांतील धन हें वरच्या पिकाप्रमाणें आपोआप कसणाऱ्याचें होत नसे. तें वेगळें नांव घेऊन द्यावें लागे.

गुंगेरियाचा शोध लागला त्यानंतर आठ वर्षांनीं, इ. स. १८७८ सालीं, भूमिगत निधीचा कायदा झाला. त्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास शोधणाऱ्यानें त्याचें स्वरूप, अंदाजी किंमत, जागा व तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवून तो जवळच्या सरकारी खजिन्यांत ठेवावा अथवा हजर करण्याचा जामीन द्यावा लागतो. निधि बेवारस ठरल्यास व जमीनमालकाशीं निराळा करार नसल्यास तीन भाग शोधणाऱ्यास व एक भाग जमिनीच्या मालकास मिळतो. सरकारनें तो स्वतःसाठीं घेतल्यास धातूच्या किंमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. जो कळवीत नाहीं त्याचा वांटा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊं शकतो. याशिवाय इ. स. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणण्यास बंदी आहे, आणि इ. स. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें, जो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आला, शंभर वर्षांहून जुनी वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

विलायतेंत हा छंद फार वाढला आहे, तेव्हां तेथील एका गोष्टीवरून शिकण्यासारखें आहे. इ. स. १९९२ सालीं सफोक परगण्यांतील हॉक्सन येथें एरिक लॉज हा मनुष्य एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्रानें शोधीत होता. हातोड्याऐवजीं त्यास रोमन नाणीं व चमचे लागले. थोडें काढतांच त्यानें खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस कळविलें. पुराणवस्तुज्ञांनीं येऊन बाकीचा सांठा जागचे जागीं उलगडला, म्हणून सुमारें पंधरा हजार नाणीं, अलंकार व चांदीचीं भांडीं हें सर्व एका लांकडी पेटींत कसें रचलें होतें हेंही समजलें. हातोडाही सांपडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियमांत ठेवला आहे. आमच्या मतें या छंदाचें सर्वांत मोठें कौशल्य लॉज यानें खणणें थांबविलें त्या क्षणांत होतें. पुढें त्या देशानें इ. स. १९९६ चा निधि-कायदा केला व दुसऱ्या वर्षापासून छंदिष्टांनीं स्वेच्छेनें वस्तु नोंदवाव्या अशी योजना चालू केली. तसेंच जर्मनींत काल्क्रीझे येथें टोनी क्लन या इंग्रज अधिकाऱ्यानें इ. स. १९८७ सालीं यंत्रानें रोमन नाणीं व गोफणीच्या शिशाच्या गोळ्या शोधून स्थानिक पुराणवस्तु-विभागास कळविल्या, आणि त्यांतून इ. स. ९ मधील वारुसच्या पराभवाचें रणक्षेत्र ओळखण्यास साह्य झालें.

मग आमच्याकडे या यंत्रास कांहीं सत्कार्य आहे काय? आहे, असें आम्ही म्हणतों. पहिलें रणक्षेत्रांचें. आडगांव, असई, सीताबर्डी येथील लढायांचीं वर्णनें कागदांत पुष्कळ आहेत; परंतु तोफा कोठें होत्या व बंदुकांच्या फैरी कोणत्या ओळींतून झडल्या हें जमिनींतील शिशाच्या गोळ्याच सांगूं शकतात. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्नच्या रणावर इ. स. १९८४ नंतर शास्त्रज्ञांनीं छंदिष्टांनाच हाताशीं धरून असें काम केलें. गोंदियाजवळच कामठा आहे. इ. स. १८१८ सालीं तेथील जमीनदार चिमणा पटेल यानें इंग्रजांविरुद्ध उठाव केला व कॅप्टन गॉर्डन याच्या फौजेनें कामठ्याचा किल्ला घेतला. अशा जागेची पाहणी पुरातत्त्व खात्याच्या परवान्यानें, विद्यापीठाच्या देखरेखीखालीं, नकाशावर प्रत्येक गोळीची खूण करीत झाली तर ती इतिहासाची सेवा होईल. परवान्यावांचून केली तर ती लूट होईल. यंत्र दोन्ही वेळां तेंच.

दुसरें कार्य अधिक निकडीचें आहे. गोंदिया व भंडारा हे तलावांचे जिल्हे. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांची व बोड्यांची कीर्ति नवेगांवबांधापासून सर्वत्र आहे. मालगुजारी गेली तरी मालगुजारी तलाव हें नांव राहिलें. इ. स. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. अशा कामांत तलावांतील गाळ यंत्रांनीं उपसून शेतांत पसरला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें उत्तमच आहे. परंतु तलावाच्या पोटांत व कांठांवर शतकानुशतकें पडलेल्या वस्तुही त्या गाळाबरोबर शेतांत जातात. त्यांचा थर आधींच मोडलेला असतो. म्हणून तेथें धातुशोधकानें वरवर पाहणी केल्यास नवी हानि होत नाहीं. उलट कोणत्या तलावाचा गाळ कोणत्या शेतांत पडला हें गांवांत सर्वांस ठाऊक असेपर्यंतच वस्तूचें मूळ सांगतां येईल. दहा वर्षांनीं तें सांगणारा कोणी राहणार नाहीं. शेतमालकाची लेखी संमति घ्यावी, जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खातें यांस आधीं कळवावें, आणि शाळेंत एक नोंदवही ठेवावी. तींत दिवस, शेत, गाळाचा तलाव, खोली, मातीचा रंग व छायाचित्र हीं असावींत. सांपडलेली वस्तु चिंच व राख लावून घांसूं नये. हिरवें किटण हें नाण्याचें कवच आहे. त्याबरोबर अक्षरेंही जातात.

आतां कोठें जाऊं नये तें सांगतों. नागऱ्याच्या शिवालयासारख्या पुरातन मंदिरांचा परिसर, किल्ले, शिलावर्तुळें व पांढरीचीं टेंकाडें येथें यंत्र नेऊंच नये. सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गुहा गोंड समाजाचें परमपवित्र स्थान आहे. माघ पौर्णिमेस तेथें दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. अशा ठिकाणीं श्रद्धेनें वाहिलेल्या वस्तूंवर यंत्र फिरविणें म्हणजे देवघरांत झडती घेणें होय. नवेगांव-नागझिऱ्याच्या राखीव जंगलांत वनखात्याचे निर्बंध आहेत. आणि एक गोष्ट केवळ इतिहासाची नाहीं: गेल्या कांहीं दशकांत देवरी-सालेकसाच्या बाजूनें नक्षलवाद्यांच्या कारवाया झाल्या, आणि सुरुंग शोधण्यासाठीं पोलिसांना याच यंत्राचा आधार घ्यावा लागला. रानवाटेवर यंत्र वाजलें तर खालीं नाणेंच असेल असें नाहीं. तेथें खुरपें घालूं नये. जागा सोडून पोलिसांस कळवावें.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. छंदिष्टाच्या हातांतील खुरप्यास जोर बाजारानें येतो, आणि बाजार आपण आहों. कोठें सांपडलें हें न विचारतां जो नाणें किंवा ताम्रपट विकत घेतो, तो पुढच्या खड्ड्याची मजुरी आगाऊ देतो. पोथी घेतांना आपण पुष्पिका प्रथम पाहतों. लेखक, स्थळ व शक नसलेली पोथी आपणांस पोरकी वाटते. धातूच्या वस्तूची पुष्पिका तिच्या भोंवतालच्या मातींत लिहिलेली असते. ती फाडून आणलेली वस्तु कितीही सुंदर असली तरी नाकारावी, आणि पुष्पिकेसह आलेली फुटकी दमडीही नोंदीसाठीं जवळ करावी. इतकें आपण पाळलें तर गोंदियाच्या एखाद्या बांधींत उद्यां दुसरें गुंगेरिया निघाल्यास, दीडशें वर्षांपूर्वीं विचारावयाचे राहिलेले प्रश्न विचारण्याची संधि आपणांस मिळेल; आणि त्यांचीं उत्तरें देणारी माती तेव्हां जागेवर असेल.